करीम मिस्त्री आणि बोटीचा पाया

करीम मिस्त्री चालू इंजिनाच्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचे. काठोकाठ भरलेला, बशीशिवाय. खाली इंजिन धडधडतंय, चक्कीचा पट्टा फिरतोय, आणि मिस्त्री कमरेवर हात ठेवून त्या कपाकडे टक लावून उभे. थेंबभरही सांडला नाही तर तो चहा ते सावकाश पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, "बसलं." सांडला तर चहाला हात लावायचे नाहीत आणि कोणाशी बोलायचेही नाहीत. पिशवीतून पाना काढून पुन्हा खाली बसायचे. आमच्या भागातल्या चक्कीवाल्यांच्या बायकांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मिस्त्री दारात दिसले की त्या मोठा कप शोधायला लागायच्या.

मी टाकळीत ग्रामसेवक म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला. दळणाचा डबा घेऊन उभा होतो. ग्रामसेवकाला दळण आणायला लावणारी बायको मला लाभली आहे, तो विषय वेगळा. तर तो कप पाहून मला हसू आलं आणि मिस्त्रींनी ते पाहिलं. उंच, वाळका माणूस, पांढरी दाढी, डाव्या तळहाताला ग्रीसचा कायमचा डाग. ते म्हणाले, "बाबूजी, तुम्ही सही करता तवा टेबल हालते काय? टेबल हाललं तर सही कशी येईन? इंजिनाचं बी तसंच आहे." मी सरकारी टेबलं उभ्या जन्मात न हाललेली पाहिली नव्हती, पण मान डोलावली.

इंजिनाचं फाउंडेशन घालणं हा त्यांचा धंदा. नेरपासून पांढरकवड्यापर्यंत पिठाच्या चक्क्या, तेलघाणे, कापसाच्या जिनिंगमधली इंजिनं, जिथं काही धडधडतं तिथं खाली मिस्त्रींचा काँक्रीटचा ओटा. खड्डा किती खोल, गिट्टी कोणती, बोल्ट कुठं पुरायचे, सगळं ते स्वतः ठरवायचे आणि ओट्यावर ओली पोती टाकून आठ दिवस रोज सकाळी स्वतः पाणी मारायला जायचे. मालकावर त्यांचा विश्वास नसे. मारेगावकडच्या एका जिनिंगवाल्यानं चौथ्या दिवशीच इंजिन चालू केलं, तर मिस्त्रींनी सगळ्या मजुरांसमोर इंजिन बंद करून त्याला विचारलं, "शेटजी, बाळंतिणीले चौथ्या दिवशी वावरात पाठवता काय तुम्ही?" पुढचे चार दिवस जिनिंग बंद राहिलं.

असा हा खमका माणूस पाण्याला मात्र घाबरायचा. घाबरायचा म्हणजे किती, तर धरणाच्या काठावर राहून त्यांनी आपल्या दुरुस्तीच्या दुकानाचं तोंड पाण्याच्या उलट बाजूला केलं होतं. धरण झालं तेव्हा त्यांच्या वावराचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला. तेव्हापासून ते त्या पाण्याकडे उसनवारी बुडवणाऱ्या शेजाऱ्यासारखं बघत. भोई लोकांच्या डोंग्यात त्यांनी कधी पाय ठेवला नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, चला की मिस्त्री, एक चक्कर मारू. तर म्हणाले, "ज्याच्या खाली जमीन नाही त्याच्यावर मी नाही बसत."

आणि नेमकी त्यांची मोठी बहीण त्या पाण्याच्या पलीकडे. जैतूनआपा. धरणाआधी टाकळी आणि बोरी या दोन गावांमध्ये एक नाला होता. आपाचं सासर बोरीला, माहेर टाकळीला, सकाळी भाकरी टाकून दुपारी माहेरी येऊन जाता येईल इतकं अंतर. धरण भरलं आणि मधे तलाव आला. आता फिरून जायचं तर बत्तीस किलोमीटर, आणि तो रस्ता कसला, खड्ड्यांमधून डांबर शोधावं लागतं. मिस्त्री दर जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर पाठ मोडून घेत तिकडे जायचे. आपाचे यजमान केव्हाच गेलेले, मूलबाळ नाही, पुतण्यांच्या घरात राहायच्या. चला माझ्याकडे म्हटलं की म्हणायच्या, माझं घर इथं आहे, तू येत जा.

मग आपा ओसरीवरून पडल्या. मणका दुखावला. डॉक्टरनं बजावून सांगितलं, हिला हादरा बसता कामा नये, त्या रस्त्यानं तर नेऊच नका. त्या पडूनच राहिल्या, आणि वर्षभरात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन यवतमाळला व्हायचं. टाकळीपासून पुढं रस्ता बरा आहे, पण टाकळीपर्यंत आणायचं कसं? डोंग्यात झोपून येता येत नाही आणि त्यांना बसवत नव्हतं. मिस्त्री रोज त्यांना व्हिडिओ कॉल करायचे. आपाला दिसत नसल्यामुळे त्या फोन कानाला लावायच्या, त्यामुळे मिस्त्रींना पडद्यावर रोज बहिणीचा कान दिसायचा. "आज कान बरा वाटला," असं ते मला सांगत आणि हसत. हसता हसता तोंड दुसरीकडे वळवत.

अशात मच्छीमार सोसायटीला एक जुनी लाकडी लाँच मिळाली. कधीकाळी धरणाच्या पाहणीसाठी आणलेली, नंतर काठावर पालथी पडून शेळ्यांचा निवारा झालेली. सोसायटीचा अध्यक्ष किसना भोई. त्याचं म्हणणं, सांगाडा सागाचा आहे, फळ्या बदलल्या की दोन्ही गावांची ये-जा सुरू होईल. ग्रामपंचायतीनं ठराव घेतला, कागद मी रंगवले. फळ्या किसनानं बसवल्या, डांबर-सूत भरून सांधे बुजवले. इंजिनही मिळालं. अडलं ते एवढ्यावरच की इंजिन ज्यावर बसतं ती आतली बैठक पार कुजली होती. डिझेल आणि पाणी पिऊन लाकडाचा भुगा झाला होता.

हे कळल्यावर मिस्त्री स्वतःहून पंचायतीत आले. मी चाट पडलो. ते खुर्चीवर बसले नाहीत. "फाउंडेशन मी घालतो," म्हणाले. "पहिल्या फेरीत माझी आपा येईन. झोपून येईन. तिच्या पाठीले काडीचा हादरा बसला नाही पाह्यजे. बाकी मले काही नको." मी विचारलं, मिस्त्री, तुम्ही बोटीत कधी काम केलंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो. म्हणाले, इंजिन म्हणजे इंजिन.

आता पुढं जे झालं त्यात माझीही चूक आहे, खोटं कशाला बोलू. मी दोन दिवस मीटिंगसाठी पांढरकवड्याला गेलो होतो आणि किसना जाळी घेऊन तलावाच्या वरच्या अंगाला. परत येऊन पाहतो तर बोटीच्या पोटात काँक्रीटचा ओटा. तीन पोती सिमेंट, उत्तम काळी गिट्टी, चार कोपऱ्यांत चार बोल्ट, वरून घोटून घोटून केलेला गिलावा आणि त्यावर ओली पोती. असा ओटा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तालुक्याचं जिनिंग त्यावर उभं राहिलं असतं. मिस्त्री शेजारी बादली घेऊन उभे. "आठ दिवस कोणी हात लावायचा नाही," म्हणाले.

किसना आला, त्यानं आत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, बोट दुरुस्त केली का संडास बांधलं?"

मिस्त्रींना राग आला नाही, कारण त्यांना मुद्दाच कळला नव्हता. किसनानं समजावलं की हे जड आहे, बोट बुडेल. मिस्त्री म्हणाले, जड नसेल तर पाया कसला? दोघांचं आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी, इंजिन न चढवताच, ट्रॅक्टरनं ओंडक्यांवरून ओढत बोट पाण्यात नेली. निम्मी टाकळी बघायला आलेली. बोटीचा पुढचा भाग हळूहळू आभाळाकडे गेला आणि मागचा हळूहळू खाली बसला. मिस्त्री काठावरून पाहत होते. पाणी कडेला लागायला चार बोटं उरली तेव्हा किसनानं ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, ओढ परत. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मिस्त्रींनी आपली बादली उचलली. मग म्हणाले, "फाउंडेशन सही आहे. बोट कमजोर आहे."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बोट पुन्हा काठावर आणि मिस्त्री आत छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःचाच ओटा फोडत बसलेले. तीन दिवस फोडला. खालच्या फळीला धक्का लागू नये म्हणून इंच इंच. किसना मदतीला गेला तर त्याला हाकललं. मी घातलं, मीच काढीन. चांगलं घातलेलं काँक्रीट फोडायला किती जड जातं ते मी त्या माणसाच्या तोंडावर पाहिलं. चौथ्या दिवशी ते बोटीच्या रिकाम्या पोटात नुसते बसून राहिले. बोटीच्या फासळ्यांवरून हात फिरवत, मोजत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाबूजी, चक्कीत आपण सारं वजन जमिनीले देतो. इथं जमीनच नाही. मंग वजन साऱ्या बोटीले वाटून द्या लागते. एकट्या जागेनं काहून सहन करावं?"

मग त्यांनी एका मोडक्या गोदामाचे दोन जुने सागाचे वासे मिळवले. सहा फासळ्यांवर उभे पसरतील एवढे लांब. प्रत्येक फासळीच्या बाकानुसार खालून खाच घेतली. रंधा मारायचा, बसवून बघायचा, उचलायचा, परत मारायचा. पंधरा दिवस गेले. दोन वाशांच्या मधे आडवे तुकडे, आरपार बोल्ट, वर लोखंडी पट्ट्या. किसना येता-जाता टोमणे मारायचा, पण हळूहळू टोमण्यांची संख्या घटली आणि तो खाली बसून वासा धरू लागला. इंजिन चढवलं. इंजिनाचा दांडा आणि मागच्या पंख्याकडे जाणारा शाफ्ट जिथं जुळतात तिथं मिस्त्रींनी पातळ पात्यांचं माप घालून घालून असं जुळवलं की त्या दोन्हींमध्ये सगळीकडे केसाएवढं सारखं अंतर. काठावरच दोन मिनिटं इंजिन चालवलं. वर कप ठेवला. चहा हलला नाही. मिस्त्री तो चहा प्यायले आणि त्याच पावली बोरीला फोन लावून आपाला म्हणाले, पेटीतून चांगले कपडे काढून ठेव, शुक्रवारी येतोय.

गुरुवारी बोट पाण्यात गेली. सुरेख तरंगली. किसनानं इंजिन चालू करून पंखा जोडला आणि मिस्त्रींच्या हुकमानुसार वर कप ठेवला. बोट वीस हात गेली असेल, तो कप नाचत नाचत कडेला आला आणि गरम चहा किसनाच्या पायावर. किसनानं जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. सगळी बोट थरथरत होती, फळ्यांचा आवाज काठावर ऐकू येत होता. मी मिस्त्रींकडे पाहिलं. माणूस एका क्षणात म्हातारा झालेला.

बोट बाहेर ओढली. मिस्त्रींनी माप घेतलं, सगळं बरोबर. पुन्हा पाण्यात, पुन्हा थरथर. पुन्हा बाहेर, पुन्हा माप, पुन्हा बरोबर. शुक्रवार गेला. बोरीत आपा कपडे घालून तयार बसल्या होत्या म्हणे, म्हणजे पडल्या होत्या. त्या दिवशी मिस्त्रींनी फोन केला नाही. चौथ्या दिवशी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मशीन खोटं नाही बोलत, बाबूजी. मंग मीच खोटा असन." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि मी मूर्खासारखा पोहे खाता का म्हणून विचारलं.

कोडं किसनानं सोडवलं. तो म्हणाला, मिस्त्री, बोट जमिनीवर ठेवली की ओंडक्यावर तिचं पोट दबते. पाण्यात गेली की ती सैल होऊन आपल्या अंगानं बसते. तुमचं माप जमिनीवरच्या बोटीचं आहे. पाण्यातली बोट वेगळी. मिस्त्रींनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आणि दुसऱ्याच क्षणी पडला. कारण आता माप पाण्यात घ्यायचं होतं, आणि ते घेणारा हात तालुक्यात एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री घाटावर आले ते पाहण्यासारखं होतं. अंगात सोसायटीची दोन लाइफ जॅकेटं, एकावर एक. गळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. कमरेला विहिरीचा नाडा, आणि नाड्याचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलेलं. चढताना त्यांनी डोळे मिटले होते. आत जाऊन बसले, तर ट्यूबमुळे हात इंजिनापर्यंत पोहोचेना. शेवटी ट्यूब काढली, मग एक जॅकेट काढलं, मग दुसरं. सवयीनं पिशवीतून पाणसळ काढून वाशावर ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा या टोकाकडून त्या टोकाकडे पळायला लागला. मिस्त्रींनी किसनाला श्वास रोखायला सांगितला. किसनानं रोखला. बुडबुडा पळतच राहिला. मग त्यांनी पाणसळ पिशवीत टाकली आणि फक्त शाफ्टकडे पाहिलं.

दोन दिवस ते पाण्यावर होते. इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचा पातळ तुकडा सरकवायचा, बोल्ट आवळायचा, माप घ्यायचं, पुन्हा सैल करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी किसनाला इंजिन चालवायला सांगितलं आणि खाली वाशावर तळहात ठेवून, कान टेकवून बसले. इंजिनाचा आवाज बदलला होता. मांजर घुरघुरतं तसा. मिस्त्री खूश होऊन कप मागायला मान वर करतात तर चारही बाजूंना पाणी. किसनानं नाडा केव्हाच सोडला होता आणि बोट तलावाच्या मध्यावर होती. मिस्त्री ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी वासा घट्ट धरला आणि एकदम शांत आवाजात म्हणाले, "किसना, परत चाल. मंग तुले मारतो." काठाला लागेपर्यंत त्यांचा विचार बदलला असावा, कारण उतरल्यावर त्यांनी किसनाला मिठी मारली.

आपाला आणायला मीही गेलो. पुतण्यांनी खाटेसकट आणून बोटीत ठेवलं. लहानशी, गोरी, सुरकुतलेली बाई, पण आवाज कलेक्टरचा. मिस्त्री पूर्ण वेळ खाली इंजिनाजवळ, तळहात वाशावर, डोळे बंद. इंजिनावर कप होता. किसना संथ चालवत होता. टाकळीचा घाट आला, कप भरलेला होता, मिस्त्रींनी तो उचलला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत विचारलं, आपा, कसं वाटलं? आपा म्हणाल्या, "खोटं कायले सांगू? थोडंसं हाललं." मिस्त्री चहा तसाच ठेवून पाना शोधायला लागले. आम्ही त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर आपांनी भावाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "करीम, तू तर म्हातारा झाला रे. मले कोणी सांगतलं नाही." मिस्त्री दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले. त्यानंतर आपा टाकळीतच राहिल्या. बोरीला परत जायचं म्हणायच्या, पण उद्या म्हणायच्या. दुकानासमोर खाटेवर पडून त्या गिऱ्हाइकांना सल्ले द्यायच्या आणि मिस्त्रींचं जेवण, दाढी, मोटारसायकल, सगळ्यात खोट काढायच्या. मिस्त्रींनी दुकानाला मागच्या बाजूनं एक खिडकी पाडली, कारण आपाला पाणी पाहायला आवडायचं. मी त्यांना एकदा म्हटलं, मिस्त्री, आता तुम्हालाही आवडायला लागलं की. म्हणाले, नाही, मी तिच्याकडे पाहतो.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्याला आपा झोपेतच गेल्या. बोरीला यजमानांच्या शेजारी दफन करा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी जनाजा घाटावर आणला आणि बोटीत ठेवला. मी, पुतणे, मोहल्ल्यातली चार माणसं. मिस्त्री नेहमीच्या जागी खाली, वाशाजवळ. पलीकडच्या काठावर नमाजसाठी लोक केव्हाचे उभे होते, ते इथून दिसत होते. किसनाला वाटलं उशीर होतोय, त्यानं वेग वाढवला. बोट किंचित थरथरली, आम्हाला कोणाला जाणवलंही नसेल. मिस्त्रींनी वाशावरचा हात न उचलता वर पाहिलं.

"हळू चालव, किसना," ते म्हणाले. "तिची पाठ दुखते."

किसनानं वेग कमी केला. लोक थांबले.